बोटाचे रक्त, दंडाचे रक्त : दिल्ली, उन्हाळा २०२०

२१ एप्रिल २०२०. टाळेबंदीचा चौथा आठवडा सरत आला होता. दिल्लीत रोज दुपारी होणाऱ्या सरकारी पत्रकार परिषदेकडे सारा देश कान लावून बसलेला असे. आरोग्य मंत्रालयाचे सहसचिव लव अगरवाल आकडे सांगत. चाचण्यांचा विषय निघाला की भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेचे, म्हणजे आयसीएमआरचे, डॉ. रमण गंगाखेडकर उत्तर देत. पुण्याच्या राष्ट्रीय एड्स संशोधन संस्थेत त्यांनी बरीच वर्षे काढली होती, त्याच वर्षी पद्मश्री जाहीर झाली होती आणि निवृत्ती दोन महिन्यांवर आली होती. सरळ आणि समजुतीच्या सुरात बोलणारा माणूस म्हणून घरोघरी त्यांची ओळख झाली होती. त्या दिवशी मात्र त्यांना अवघड निरोप द्यायचा होता. नुकत्याच वाटलेल्या जलद अँटिबॉडी चाचण्या राज्यांनी दोन दिवस वापरू नयेत, असे त्यांनी सांगितले.

कारण राजस्थानातून आले होते. कोरोनाची लागण झाल्याचे आधीच सिद्ध झालेल्या रुग्णांवर तिथल्या सरकारने या चाचण्या करून पाहिल्या. अपेक्षा ९० टक्के अचूकतेची होती, हाती आले ५.४ टक्के. आयसीएमआरने आणखी राज्यांकडे विचारणा केली, तेव्हा घशातल्या स्रावाच्या आरटी-पीसीआर चाचणीशी या चाचणीचा मेळ कुठे ६ टक्के, तर कुठे ७१ टक्के बसत असल्याचे दिसले. इतकी तफावत असलेली चाचणी घेऊन गल्लीबोळांत हिंडण्यात अर्थ नव्हता. आठ संस्थांची पथके प्रत्यक्ष जागेवर पाठवून तपासणी करू आणि मग काय ते सांगू, असे गंगाखेडकर म्हणाले.

ही चाचणी म्हणजे बोटभर लांबीची प्लॅस्टिकची पट्टी. बोटाला सुई टोचायची, रक्ताचा थेंब पट्टीच्या खळग्यात सोडायचा, वर द्रावणाचे दोन-तीन थेंब टाकायचे आणि पंधरा मिनिटे थांबायचे. रेघ उमटली तर शरीरात विषाणूविरुद्धची प्रतिपिंडे, म्हणजे अँटिबॉडी, तयार झाली आहेत. विजेची, प्रयोगशाळेची किंवा यंत्राची गरज नाही. आरटी-पीसीआरचा निकाल हाती यायला दिवस-दोन दिवस लागत होते आणि प्रयोगशाळा मोजक्या होत्या. अशा वेळी ही पट्टी मोठा आधार वाटावी, यात नवल नव्हते. बाधित वस्त्यांमध्ये ती वापरावी, असा सल्ला आयसीएमआरने ४ एप्रिललाच दिला होता. १६ एप्रिलला चीनमधले भारताचे राजदूत विक्रम मिस्री यांनी साडेसहा लाख संच ग्वांगझूच्या विमानतळावरून निघाल्याचे जाहीर केले. त्यात आरएनए वेगळे करण्याचे संच होते, तसेच वोंडफो आणि लिवझॉन या दोन चिनी कंपन्यांच्या जलद चाचण्याही होत्या. आठवड्याच्या आत त्यांच्यावर दोन दिवसांची बंदी आली.

दिसायला साध्या असलेल्या या पट्टीकडून फार अवघड काम अपेक्षित असते. रक्ताच्या थेंबाचा जवळपास निम्मा भाग तांबड्या पेशींनी भरलेला असतो. चाचणीला त्या नको असतात. तिला हवा असतो उरलेला पिवळसर द्रव, कारण प्रतिपिंडे त्यात असतात. गोठू न देता पेशी बाजूला काढल्या की मिळतो तो प्लाझ्मा. रक्त गोठू देऊन, गाठ बसल्यावर वर राहते ते सीरम. पेशी द्रवात राहिल्या तर दोन अडचणी येतात. सात-आठ मायक्रॉनच्या या पेशी पट्टीच्या कागदाची छिद्रे बुजवतात. त्या फुटल्या तर त्यांतला लाल रंग सगळीकडे पसरतो आणि फिकट गुलाबी रेघ त्यात हरवून जाते. म्हणून खळग्याखाली काचतंतूंचा पातळ थर बसवलेला असतो. पेशी त्यात अडकाव्यात आणि प्लाझ्मा तेवढा पुढे झिरपावा, अशी ती रचना. पुढे सोन्याच्या सूक्ष्म कणांना चिकटवलेले विषाणूचे प्रथिन वाट पाहत असते. प्लाझ्मातली प्रतिपिंडे त्याला धरतात, जोडीने पुढे सरकतात आणि ठरलेल्या रेघेवर अडतात. म्हणजे प्रयोगशाळेतले अर्धे काम सुपारीएवढ्या जागेत, विजेशिवाय आणि अनोळखी माणसाच्या हाताने व्हायचे असते. थेंब कमी पडला, बोट जोरात पिळल्यामुळे पेशी फुटल्या किंवा पट्टी उन्हात तापली, तरी पट्टीला त्याची तक्रार करता येत नाही. ती आपली गप्प राहते, आणि बघणारा तिच्या गप्प राहण्यालाच ‘नाही’ असे उत्तर समजतो.

त्यातच दुसरा घोटाळा काळाचा होता. अँटिबॉडी शरीरात तयार व्हायला आठवडा-दीड आठवडा लागतो. आज ताप आलेल्या माणसाच्या रक्तात त्या नसतातच. मग पट्टी कितीही उत्तम असली तरी ती ‘नाही’ म्हणणार. आयसीएमआर सुरुवातीपासून हे सांगत होती. ही चाचणी निदानासाठी नाही, वस्तीतल्या प्रसाराचा अंदाज घेण्यासाठी आहे, असे तिचे म्हणणे होते. पण चाचण्यांची टंचाई होती आणि लोक घाबरलेले होते, त्यामुळे हा फरक कागदावरच राहिला. आजारी माणसाच्या बोटावर पट्टी टेकवून ‘आहे की नाही’ विचारले जाऊ लागले.

दरम्यान, दिल्लीत एक वेगळेच प्रकरण पुढे आले. संच आयात करणारी कंपनी आणि ते सरकारला पुरवणारे वितरक यांच्यातला पैशांचा वाद दिल्ली उच्च न्यायालयात गेला. त्या सुनावणीत आकडे बाहेर पडले. चीनहून एक संच वाहतुकीसह २४५ रुपयांना येत होता आणि आयसीएमआरला तो ६०० रुपयांना विकला जात होता. न्यायमूर्ती नज्मी वजीरी यांनी २४ एप्रिलच्या आदेशात करांसह ४०० रुपयांची मर्यादा घातली. महासाथीच्या काळात खासगी नफ्यापेक्षा जनहित मोठे आहे आणि या भावातही विक्रेत्याला भरपूर मिळते, असा निकालाचा आशय होता. तीन दिवसांनी, २७ एप्रिलला, आयसीएमआरने राज्यांना पत्र पाठवून वोंडफो आणि लिवझॉनचे संच वापरणे थांबवून परत करायला सांगितले. सुरुवातीला आश्वासक वाटलेल्या या संचांचे निकाल प्रत्यक्ष वापरात फार वेगवेगळे आले, असे त्या पत्रात होते. मागणी रद्द झाली. आगाऊ पैसे दिले नसल्यामुळे सरकारचा एक रुपयाही बुडाला नाही, हे मंत्रालयाने आवर्जून सांगितले.

चीनच्या दूतावासाने यावर दिलेले उत्तर या सगळ्याच्या मुळाशी जाते. संच पुण्याच्या राष्ट्रीय विषाणू संस्थेने, एनआयव्हीने, तपासून समाधानकारक ठरवले होते. त्यांची साठवण, वाहतूक आणि वापर यांचे नियम कडक आहेत आणि ते पाळले नाहीत तर निकाल बदलतो, असे दूतावासाने म्हटले. राजकारण बाजूला ठेवून पाहिले तर पुण्याने दिलेला होकार आणि राजस्थानात आलेला नकार, दोन्ही एकाच पट्टीबद्दल होते. प्रयोगशाळेत चाचणी तपासताना साधारणपणे शीतपेटीत जपलेले, निवळून काढलेले सीरम वापरले जाते, आणि हातही सरावाचे असतात. वस्तीत मात्र पट्टीवर टोचलेल्या बोटाचे अख्खे रक्त येते, तेही उन्हात, घाईत आणि पीपीई किटमध्ये घामाघूम झालेल्या माणसाच्या हातून. पहिल्या परीक्षेत पास झालेली वस्तू दुसरीत नापास होऊ शकते. त्या एप्रिलमध्ये दुसरी परीक्षा संच वाटल्यानंतर घेतली गेली, हीच खरी चूक.

सीरम की अख्खे रक्त, हा प्रश्न दिल्लीच्या परिसराला तसा नवा नव्हता. १९९६मध्ये डेंग्यूने राजधानीला हादरवले होते. १०,२५२ रुग्ण आणि ४२३ मृत्यू ही त्या साथीची नोंद. डेंग्यूच्या प्रतिपिंडांची एलायझा ही प्रयोगशाळेतली चाचणी सीरमवर चालते, आणि पुढे देशभरातल्या निगराणी रुग्णालयांना या चाचणीचे संच पुण्याच्या एनआयव्हीने पुरवले. म्हणजे डेंग्यूच्या हंगामात दिल्लीच्या रुग्णालयांत रक्त फिरवून पेशी वेगळ्या करणाऱ्या सेंट्रीफ्यूज यंत्राशेजारी पुण्याहून आलेली खोकी असणे ही नित्याची गोष्ट होती. दुसरा धागा दिल्ली विद्यापीठाच्या दक्षिण परिसरातला. तिथे प्रा. विजय चौधरी यांच्या प्रयोगशाळेने एचआयव्हीसाठी बोटाच्या रक्तावरच चालणारी चाचणी तयार केली. तिची युक्ती उलटी होती. सगळे जण तांबड्या पेशी काढून टाकायला धडपडतात, इथे त्यांनाच कामाला लावले होते. पेशींना चिकटणारे आणि त्याच वेळी एचआयव्हीचे प्रथिन वाहणारे एक जोडप्रथिन थेंबात मिसळायचे. रक्तात प्रतिपिंडे असली की पेशींचे गुठळे होतात आणि ते नुसत्या डोळ्यांना दिसतात. ही चाचणी कॅडिला फार्मास्युटिकल्सने बाजारात आणली. अख्ख्या रक्तावर चालणारी चाचणी जमू शकते, हे दिल्लीनेच दाखवले होते. मात्र तिचा प्रत्येक टप्पा त्या थेंबासाठीच घडवलेला होता.

राजधानीशेजारच्या गुरुग्राममध्येही एप्रिलच्या त्या आठवड्यात हालचाल सुरू होती. मानेसरच्या औद्योगिक वसाहतीत एसडी बायोसेन्सर या कोरियन कंपनीच्या कारखान्यात जलद अँटिबॉडी चाचण्या तयार होऊ लागल्या. हरियाणाने चिनी कंपनीकडची एक लाख संचांची मागणी रद्द केली. त्या संचाचा दर ७८० रुपये होता. मानेसरचा संच ३८० रुपयांना मिळत असल्याचे मुख्यमंत्री मनोहरलाल खट्टर यांनी सांगितले. पुढे जूनमध्ये याच कंपनीची जलद अँटिजेन चाचणी आयसीएमआरने मान्य केली आणि १८ जूनपासून ती दिल्लीत सुरू झाली. पण ती नाकातल्या स्रावावर चालणारी, विषाणूलाच शोधणारी चाचणी. निदानाचे काम त्या पट्टीने उचलले. अँटिबॉडीचा प्रश्न मात्र अजून तसाच उभा होता : या शहरात नक्की किती जणांना लागण होऊन गेली?

त्याचे उत्तर पुण्याहून यायचे होते. पाषाणच्या एनआयव्हीत मार्चमध्ये विषाणू वेगळा करून वाढवण्यात यश आले होते. तोच निष्प्रभ करून त्याच्यावर आधारलेली एलायझा चाचणी बांधण्याचे काम सुरू झाले. संशोधन-लेखावर पहिले नाव डॉ. गजानन सपकाळ यांचे. १० मे रोजी केंद्रीय आरोग्यमंत्री डॉ. हर्षवर्धन यांनी ‘कोविड कवच एलायझा’ची घोषणा केली. मुंबईतल्या दोन ठिकाणी तिची पडताळणी झाली होती. अडीच तासांच्या एका फेरीत ९० नमुने तपासता येतात, असे सांगण्यात आले. मोठ्या प्रमाणावरील उत्पादनाचे तंत्र झायडस कॅडिलाकडे गेले.

कवच म्हणजे एक प्लेट. तिच्यात ९६ खळगे. प्रत्येकाच्या तळाशी निष्प्रभ विषाणूचा लेप. त्यात माणसाचे पातळ केलेले सीरम घालायचे, ठरलेल्या वेळाने धुवून काढायचे. प्रतिपिंडे असली तर ती लेपाला चिकटून राहतात, नसली तर पाण्याबरोबर निघून जातात. मग एंझाइम जोडलेले दुसरे प्रतिपिंड, पुन्हा धुणे, मग रंग आणणारे द्रावण. होकार असला की खळगा निळा होतो, आम्ल घातल्यावर पिवळा. पिवळेपणा किती, ते डोळा ठरवत नाही, यंत्र ठरवते. हे सगळे नीट होण्यासाठी एकच अट : खळग्यात जाणारे सीरम स्वच्छ असले पाहिजे. म्हणूनच या चाचणीची सुरुवात बोटातून होत नाही, दंडातून होते.

लाल टोपणाची नळी, त्यात तीन-चार मिलिलिटर रक्त. नळी उभी ठेवून अर्धा तास सोडायची. रक्त गोठते, गाठ आकसते आणि दह्यावर पाणी सुटावे तसा पिवळसर द्रव वर येतो. मग सेंट्रीफ्यूजमध्ये दहा मिनिटे फिरवायची. तांबडा भाग तळाशी घट्ट बसतो. वरचे सीरम अलगद ओढून छोट्या कुपीत घालायचे, नाव-क्रमांकाची चिठ्ठी लावायची आणि थंड पेटीत ठेवायची. नमुना गुलाबी दिसला तर पेशी फुटल्या आहेत, हे प्रयोगशाळेतल्या माणसाला लगेच कळते. तो नमुना बाद करून पुन्हा मागवतो. पट्टीत आणि नळीत हाच मोठा फरक. नळीतल्या कामात बिघाड झाला तर तो डोळ्यांना दिसतो आणि माणसाला थांबवता येतो. पट्टीत तो आतच झाकलेला राहतो.

आयसीएमआरने मे-जूनमध्ये देशभर पहिले सर्वेक्षण केले. ७० जिल्हे, २८ हजार प्रौढ, चाचणी कवचची. लागण होऊन गेलेल्यांचा अंदाज ०.७३ टक्के. ग्रामीण भाग मोठा असलेल्या त्या पाहणीतून दिल्लीचे चित्र कळणार नव्हते, आणि राजधानीची अवस्था जूनमध्ये बिकट झाली होती. २३ जूनला एका दिवसात ३,९४७ रुग्ण नोंदले गेले. त्याच सुमारास आयसीएमआरने नव्या सूचना काढल्या. आयजीजी प्रकारच्या अँटिबॉडीची चाचणी सर्वेक्षणापुरतीच वापरावी, निदानासाठी नाही, असे त्यात स्पष्ट म्हटले. एप्रिलमध्ये कागदावर राहिलेला फरक आता नियम झाला.

२७ जूनला दिल्लीचे सर्वेक्षण सुरू झाले. ते राष्ट्रीय रोग नियंत्रण केंद्राने, एनसीडीसीने, दिल्ली सरकारच्या मदतीने हाती घेतले. या संस्थेचा वंश १९०९मध्ये सुरू झालेल्या मलेरिया विभागापर्यंत जातो, आणि शामनाथ मार्गावरचे तिचे आवार दिल्लीत अनेक साथी पाहिलेले आहे. राजधानीचे सर्व ११ जिल्हे घेतले. घरे यादृच्छिक पद्धतीने निवडली. निवडलेल्या माणसाची लेखी संमती घ्यायची, दंडातून रक्त घ्यायचे, सीरम वेगळे करायचे आणि कवच संचावर तपासायचे, असा क्रम. काम १० जुलैपर्यंत चालले. मधल्या काळात, ३० जूनला, डॉ. गंगाखेडकर आयसीएमआरमधून निवृत्त झाले. एकूण नमुने झाले २१,३८७. एलायझा वापरून तोपर्यंत देशात झालेल्या मोठ्या सर्वेक्षणांपैकी हे एक होते.

२१ जुलैला निष्कर्ष जाहीर झाला : २३.४८ टक्के. मध्य, ईशान्य, उत्तर आणि शाहदरा या जिल्ह्यांत प्रमाण २७ टक्क्यांच्या आसपास. १० जुलैपर्यंत दिल्लीत नोंदलेल्या रुग्णांची संख्या १ लाख ९ हजारांच्या घरात होती. दोन कोटींच्या आसपास वस्तीच्या शहरात २३.४८ टक्के म्हणजे चाळीस लाखांहून अधिक माणसे. याचा अर्थ नोंद झालेल्या प्रत्येक रुग्णामागे कितीतरी माणसे लागण होऊन, बहुधा काही न जाणवता, बरी होऊन गेली होती. सरकारने या आकड्याचा दुसरा अर्थही सांगितला : सहा महिन्यांच्या साथीनंतरही तीन चतुर्थांशांहून अधिक लोक अजून बाधित झालेले नाहीत, तेव्हा मास्क आणि अंतर सोडू नका. दोन्ही अर्थ खरे होते आणि दोन्ही त्याच कुप्यांतल्या पिवळ्या द्रवातून आले होते.

पुढचे सर्वेक्षण ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात झाले आणि आकडा २९.१ टक्क्यांवर गेला. इकडे महाराष्ट्रातही अशाच प्रकारे शहरे स्वतःची मोजणी करू लागली. मुंबईत तीन विभागांत जुलैमध्ये केलेल्या पाहणीत झोपडपट्ट्यांतले प्रमाण ५७ टक्के, तर इतर वस्तीत १६ टक्के निघाले. पुण्यात पाच प्रभागांतल्या पाहणीत ५१.५ टक्के. ज्या शहरांत फक्त आजाऱ्यांच्या याद्या होत्या, तिथे आता वस्तीनिहाय नकाशे हाती आले. अख्ख्या शहरातल्या बेडची, ऑक्सिजनची आणि पुढे लसीची चर्चा याच नकाशांवर होऊ लागली.

या चार महिन्यांचा धडा पट्टी वाईट आणि नळी चांगली असा काढला तर तो चुकीचा ठरेल. अँटिजेनची पट्टी पुढे दिल्लीत आणि देशभर उपयोगी पडली. मलेरियाच्या, गरोदरपणाच्या, एचआयव्हीच्या पट्ट्या रोज लाखो लोकांच्या कामाला येतात. सेंट्रीफ्यूज जिथे नाही, तिथे बोटाचा थेंबच लागतो, आणि डोंगरातल्या उपकेंद्रासाठी तो अजूनही सगळ्यात योग्य मार्ग आहे. चूक झाली ती क्रमाची. ज्या बोटावर, ज्या उन्हात, ज्या हातांनी चाचणी वापरायची आहे, तिथे ती आधी करून पाहिली असती, तर ती राजस्थानच्या आधी एखाद्या छोट्या तुकडीतच नापास झाली असती, आणि लाखो संच मागवण्याची वेळच आली नसती. ती तपासणी काही आठवड्यांत होऊ शकत होती. पण त्या एप्रिलमध्ये वाट पाहायला कोणी तयार नव्हते, ना सरकारे, ना पत्रकार, ना घरात अडकलेले लोक.

पुढच्या साथीतही पहिली मागणी हीच असणार : स्वस्त, जलद आणि दारात होणारी चाचणी. ती रास्तच आहे. पण ती कुणी आणून दिली की प्रत्येक आरोग्य अधिकाऱ्याने आणि प्रत्येक नागरिकानेही दोन प्रश्न विचारायला हवेत. ही चाचणी निवळलेल्या सीरमवर पास झाली आहे की टोचलेल्या बोटाच्या रक्तावर? आणि ती मला आज आजार आहे का ते सांगते, की तो पूर्वी होऊन गेला ते? ही दोन उत्तरे कागदावर लिहून मिळेपर्यंत खरेदीच्या आदेशावर सही करू नये.